दहा नंबर कोणाला? ब्रिस्बेनच्या एका यादीची गोष्ट

मंडळी, आजची पोस्ट मोठी आहे आणि विषय आपल्याकडचा नाही. रग्बीचा आहे, तोही आयर्लंडचा. तरी शेवटपर्यंत वाचा. मागच्या आठवड्यात आपल्याकडे जो गोंधळ झाला त्याच्याशी याचा संबंध आहे, आणि माझ्या एका जुन्या चुकीशीही.

आधी आपल्याकडचं. जिल्ह्याच्या कबड्डी संघाची यादी लागली. गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त चढाईचे गुण मिळवणारी आपल्या तालुक्यातली मुलगी यादीत नाही. मी फोन केला. उत्तर आलं, "समितीचा निर्णय आहे." कारण काय? "समितीचा निर्णय आहे." तेवढ्यावर फोन ठेवला. इनबॉक्समध्ये लोक विचारतायत, पत्रकार गप्प का?

गप्प नव्हतो, विचार करत होतो. त्याच रात्री डब्लिनहून मावसभावाचा फोन आला. तो तिकडे नोकरीला आहे. म्हणाला, "दादा, इथं ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत रोज भांडणं चाललीत. दहा नंबरला कोण, प्रेंडरगास्ट की क्राउली. आपल्याकडे रोहित-विराटवर चालतात तशी." मग म्हणाला, "एक म्हातारा गृहस्थ आहे, तो म्हणतो हे काहीच नाही, १९७९ साली बघायला पाहिजे होतं." मी ते १९७९ शोधून काढलं. चार रात्री त्यातच गेल्या.

ज्यांनी रग्बी पाहिलेलीच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका बाजूला पंधरा खेळाडू. अंडाकृती चेंडू. हाताने पास द्यायचा तर फक्त मागे किंवा आडवा, पुढे देता येत नाही. पुढे जायचं तर चेंडू घेऊन पळा, नाहीतर लाथेने मारा. पंधरातले आठ जण धिप्पाड, ते झटापट करून चेंडू मिळवतात. नऊ नंबरवाला तो उचलून दहा नंबरकडे फेकतो. हा दहा नंबर म्हणजे फ्लाय-हाफ. त्याच्या हातात चेंडू येतो तेव्हा समोरून तीन-चार माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. त्याच्याकडे फार तर एक सेकंद असतो. त्यात ठरवायचं, लाथ मारायची, बाजूच्याला द्यायचा की स्वतः घुसायचं. त्याने काय ठरवलं त्यावर सगळ्या संघाचा खेळ ठरतो.

तो उभा कुठे राहतो यावरही वाद असतात. समोरच्या फळीच्या अगदी जवळ उभा राहिला तर वेळ कमी मिळतो, पण बचाव करणारे त्याच्यापाशी अडकतात आणि त्याच्या पलीकडच्या आपल्या गड्याला वाट मिळते. लांब, मागे उभा राहिला तर वेळ भरपूर मिळतो, पण तेवढ्या वेळात समोरचे सरकून सगळ्या वाटा बंद करतात. म्हणजे दहा नंबरला कोण हा वाद वरवर नावांचा दिसतो, पण आतून धोका किती घ्यायचा याचा असतो. म्हणून तर त्यावर इतकी भांडणं होतात.

आता १९७८. आयर्लंडला टोनी वॉर्ड नावाचा नवा दहा नंबर मिळाला. जन्म डब्लिनचा, पण क्लब लिमरिकचा, गॅरीओवेन. उंच आभाळात मारून त्याखाली धावत जायची जी लाथ आहे तिला जगभर 'गॅरीओवेन' म्हणतात, ती या क्लबच्या नावावरूनच. वॉर्डची पावलं चपळ, दिसायला देखणा, आणि चेंडू हातात आला की समोरच्याला जागेवर फिरवून निसटायचा. पहिल्याच हंगामात फाइव्ह नेशन्स स्पर्धेत त्याने ३८ गुण केले. तेव्हाच्या विक्रमाशी ही बरोबरी होती.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला लिमरिकच्या थॉमंड पार्कवर न्यूझीलंडचा संघ आला. ऑल ब्लॅक्स. समोर मन्स्टर, म्हणजे आयर्लंडच्या चार प्रांतांपैकी एक. आपल्या हिशोबात सांगायचं तर ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ आणि समोर विदर्भ. निकाल काय लागला? मन्स्टर १२, न्यूझीलंड ०. त्या अख्ख्या दौऱ्यात न्यूझीलंड अठरा सामने खेळलं आणि हा एकच हरलं. बारापैकी आठ गुण वॉर्डचे, दोन ड्रॉप गोल आणि एक कन्व्हर्जन. मैदानात साधारण बारा हजार माणसं होती म्हणतात, पण लिमरिकमध्ये आज विचारलं तर "मी तिथं होतो" म्हणणारे लाखभर निघतात, असा विनोद तिथं प्रसिद्ध आहे. त्या सामन्यावर पुढे नाटकसुद्धा आलं.

थोडक्यात, १९७९ च्या उन्हाळ्यात वॉर्ड आयर्लंडचा सगळ्यात लाडका खेळाडू होता. पदार्पणापासून सलग नऊ कसोट्या खेळलेला. युरोपातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलेला. अशा वेळी आयर्लंडचा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला.

या संघात आणखी एक दहा नंबर होता. ओली कॅम्पबेल. डब्लिनच्या ओल्ड बेल्व्हेडिअर क्लबचा, लेन्स्टर प्रांताचा. १९७६ च्या जानेवारीत तो आयर्लंडकडून एक सामना खेळला होता, योगायोगाने ऑस्ट्रेलियाविरुद्धच. आयर्लंड हरलं आणि कॅम्पबेल संघाबाहेर गेला. त्यानंतर तीन वर्षं त्याला कोणी विचारलं नाही. शांत माणूस. लाथांचा सराव तासन् तास करणारा. वॉर्डपेक्षा कमी चमकणारा, पण चेंडू वेळेवर बाजूच्याला देणारा आणि अंगावर येणाऱ्याला न घाबरता आडवा करणारा.

ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीचा संघ जाहीर झाला. दहा नंबर: कॅम्पबेल. वॉर्ड बाहेर.

आयर्लंडमध्ये काय झालं असेल याची कल्पना करा. गावसकर फॉर्मात असताना त्याला बसवलं तर आपल्या टपरीवर जे झालं असतं ते तिकडच्या प्रत्येक पबमध्ये झालं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. वॉर्डच्या बाजूचे म्हणायचे, अरे, जो माणूस एकट्याच्या जिवावर सामना फिरवतो त्याला बसवता? समोरच्या संघाला ज्याची भीती वाटते तोच तुम्ही काढून घेता? कॅम्पबेलच्या बाजूचे म्हणायचे, वॉर्ड स्वतः चमकतो, पण त्याच्या बाहेरच्या बाजूला जे चार-पाच पळणारे उभे असतात त्यांना चेंडू मिळतच नाही. तो लाथ मारतो किंवा स्वतः घुसतो. कॅम्पबेल आला की सगळी बॅकलाइन खेळायला लागते. मला वाटतं दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. असे वाद वर्षानुवर्षं टिकतात ते याच कारणाने.

तिसरं म्हणणं अर्थातच प्रांताचं. मन्स्टरचा काढला, लेन्स्टरचा घातला, म्हणजे डब्लिनवाल्यांचा डाव. लिमरिकमध्ये रग्बी गोदीतल्या कामगारापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांची, तर डब्लिनमध्ये बड्या शाळांची. त्यामुळे हे म्हणणं लोकांना लगेच पटतं. पण इथं एक गंमत आहे. त्या दौऱ्याचा प्रशिक्षक होता नोएल मर्फी. तो कॉर्कचा, म्हणजे मन्स्टरचाच. आपल्या प्रांताचा लाडका खेळाडू त्यानेच बसवला. तेव्हा "आमच्या माणसावर अन्याय" हे उत्तर इथं तरी पुरं पडत नाही. आपणही प्रत्येक यादीत आधी आडनाव आणि तालुका शोधतो, तेव्हा एवढं ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता निकाल. ब्रिस्बेनला आयर्लंड २७-१२ ने जिंकलं. त्यातले १९ गुण एकट्या कॅम्पबेलचे. पुढची कसोटी सिडनीला, ९-३. नऊच्या नऊ कॅम्पबेलचे. मालिका २-० ने आयर्लंडची. तीन वर्षं कोणी न विचारलेल्या माणसाने ३६ पैकी २८ गुण केले. निवड करणारे बरोबर ठरले. विषय संपला.

खरंच संपला का? इथंच मी चार रात्री अडकलो.

वॉर्डला कशासाठी बसवलं? बॅकलाइनला चेंडू मिळावा, आक्रमण सगळ्यांचं व्हावं, म्हणून. आणि जिंकले कशावर? सिडनीत आयर्लंडला एकही ट्राय करता आला नाही. एक पेनल्टी आणि दोन ड्रॉप गोल, म्हणजे नऊही गुण लाथेचे. लाथ तर वॉर्डचीही उत्तम होती! ब्रिस्बेनला दोन ट्राय झाले, पण १९ गुण तिथंही बुटाचेच. म्हणजे निर्णय यशस्वी झाला, पण ज्या कारणासाठी घेतला ते कारण या आकड्यांतून सिद्ध होत नाही. जिंकल्यावर मात्र कोणी कारण विचारत नाही. निकाल लागला की तोच कारण होऊन बसतो.

पुढची वर्षं अशीच. १९८० च्या फाइव्ह नेशन्समध्ये कॅम्पबेलने ४६ गुण केले, नवा विक्रम. वॉर्ड बाहेर. त्याच वर्षी ब्रिटन आणि आयर्लंडचा एकत्र संघ, लायन्स, दक्षिण आफ्रिकेला गेला. प्रशिक्षक पुन्हा नोएल मर्फी. दहा नंबरसाठी नेलेल्यांना दुखापती झाल्या आणि वॉर्डला घरून बोलावून घेतलं. केपटाउनच्या पहिल्या कसोटीत तो उतरला आणि १८ गुण केले. लायन्सच्या खेळाडूने एका कसोटीत केलेला तोवरचा विक्रम. सामना २६-२२ ने हरले. विक्रम करूनसुद्धा पुढच्या कसोटीत दहाला दुसराच.

१९८१ मध्ये निवड करणाऱ्यांनी सगळ्यांना खूश करायचं ठरवलं. वॉर्ड दहाला आणि कॅम्पबेल त्याच्या बाहेर सेंटरला. दोघंही संघात, भांडण मिटलं! त्या हंगामात आयर्लंड चारही सामने हरलं. ही जोडी शेवटच्या तीन सामन्यांत होती, आणि त्यातले दोन एकेका गुणाने गेले. वेल्सविरुद्ध ८-९, स्कॉटलंडविरुद्ध ९-१०. प्रयोग वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण निर्णय टाळायचा म्हणून केलेला प्रयोग आणि विचार करून केलेला प्रयोग यात फरक असतो, हे आपल्या नगरपालिकेतही आपण बघतो.

त्याच वर्षी आयर्लंडचा संघ पुन्हा दक्षिण आफ्रिकेला निघाला. वर्णभेदाचा काळ. आयरिश सरकारचा विरोध होता, तरी रग्बी संघटनेने संघ पाठवला. वॉर्डने जायला नकार दिला. आदल्या वर्षी लायन्सबरोबर त्याने तो देश डोळ्यांनी पाहिला होता. आणखीही काही जणांनी नकार दिला. विचार करा, ज्याची जागा आधीच डळमळीत आहे तो माणूस स्वतःहून दौरा सोडतो. कॅम्पबेल गेला. मी त्याला इथं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही, पण वॉर्डची ही बाजू गुणांच्या कोष्टकात कुठंच दिसत नाही म्हणून सांगितली.

१९८२. आता प्रशिक्षक टॉम किर्नन. १९७८ साली मन्स्टरने न्यूझीलंडला हरवलं तेव्हा मन्स्टरचा प्रशिक्षक हाच. वॉर्डला याच्याइतकं कोण ओळखणार? त्यानेही दहा नंबरला कॅम्पबेललाच ठेवलं. वेल्सला हरवलं, ट्विकनहॅमला इंग्लंडला १६-१५ असं एका गुणाने हरवलं, आणि २० फेब्रुवारीला डब्लिनच्या लॅन्सडाउन रोडवर स्कॉटलंडला २१-१२. एकवीसच्या एकवीस कॅम्पबेलचे. सहा पेनल्टी आणि एक ड्रॉप गोल. १९४९ नंतर पहिल्यांदा आयर्लंडने ट्रिपल क्राउन जिंकला, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स तिघांनाही एकाच हंगामात हरवलं. उत्तरेत रोज बॉम्ब फुटत होते त्या काळात उत्तर आणि दक्षिण दोन्हीकडची माणसं एका संघातून खेळत होती आणि एकाच विजयावर नाचत होती. त्या दिवशी कॅम्पबेलने देशाला काय दिलं हे मोजता येणार नाही. त्याच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

पुन्हा बघा, एकवीस गुण आणि ट्राय शून्य.

वॉर्डचा हिशोब असा. पहिल्या दोन हंगामांत सलग नऊ कसोट्या. ब्रिस्बेननंतरच्या आठ वर्षांत फक्त दहा. शेवटची १९८७ च्या विश्वचषकात, टोंगाविरुद्ध. एकूण १९. कॅम्पबेलच्या २२, आणि त्यालाही दुखापतींनी १९८४ मध्येच थांबवलं. वॉर्ड पुढे पत्रकार झाला, रग्बीवर लिहीत राहिला. आमच्या धंद्यात आला, याचं मला का कोण जाणे बरं वाटलं.

वाद मात्र संपलेला नाही. पुढे मन्स्टरचा रोनन ओ'गारा की लेन्स्टरचा जॉनी सेक्स्टन, यावर तिथं वर्षानुवर्षं डोकी फुटली. २०२५ च्या सिक्स नेशन्समध्ये लेन्स्टरचा सॅम प्रेंडरगास्ट पहिले चार सामने दहाला, शेवटच्या इटलीच्या सामन्यात मन्स्टरचा जॅक क्राउली. एक लांब, सुंदर पास देणारा, दुसरा अंगावर घेणारा. माझ्या मावसभावाच्या ऑफिसातलं भांडण हेच. नावं बदलली, मुद्दे १९७९ चेच.

आपल्याकडेही हे झालंय. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला करुण नायरने नाबाद ३०३ केल्या आणि पुढच्याच कसोटीत तो बाहेर, कारण आपल्या संगमनेरकडचा अजिंक्य रहाणे दुखापतीतून परतला होता. पण तेव्हा कर्णधार कोहलीने पत्रकारांसमोर कारण सांगितलं होतं. रहाणेची दोन वर्षांची मेहनत एका सामन्यामुळे विसरता येत नाही, असा त्याचा आशय होता. पटो न पटो, कारण होतं. त्यावर भांडता येत होतं.

आता माझी चूक.

२०११ सालची गोष्ट. आपल्या जिल्ह्याच्या संघातून एक चढाईपटू असाच काढला होता. मी मोठी बातमी केली, चार कॉलम. पुढे तो संघ विभागीय स्पर्धा जिंकून आला. सत्काराला गेलो तर निवड समितीतल्या एकाने माझ्या बातमीचं कात्रण खिशातून काढलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "काय पत्रकार, आता काय म्हणणं आहे?" लोक हसले. मीही हसलो. घरी येऊन ठरवलं, आपलं चुकलं, विषय बंद.

आठ दिवसांनी तो मुलगा ऑफिसात आला. म्हणाला, "साहेब, संघ जिंकला, चांगलं झालं. मला का काढलं एवढं तरी विचारून द्या. माझी चढाई कमी पडते, का पकडीत कमी पडतो, का वजन जास्त झालंय. कळलं तर सुधारणा करीन." मी म्हणालो, बघतो. विचारलं नाही. संघ जिंकलेला असताना कोणत्या तोंडाने विचारू, असं वाटलं. त्याने त्या वर्षीच खेळ सोडला. आज टेम्पो चालवतो. स्टँडवर भेटला की चहा पाजतो, पैसे देऊ देत नाही. त्याने तो विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि मीही नाही.

माझी बातमी चुकीची होती की नव्हती हा प्रश्नच वेगळा होता, हे मला आत्ता, आयर्लंडचे आकडे चाळताना कळलं. संघ जिंकला याचा अर्थ मुलाला कारण सांगायची गरज नव्हती, असा होत नाही. कॅम्पबेल महान निघाला म्हणून वॉर्डची विचारणा चुकीची ठरत नाही. निवड करणाऱ्याला धाडस करायचा हक्क आहे, लाडक्या खेळाडूला बसवायचाही हक्क आहे. १९७९ ला तो त्यांनी वापरला म्हणूनच कॅम्पबेल जगाला दिसला. पण ज्याला बसवलं त्याला कारण कळायला हवं, आणि ते निकालाच्या आधी. निकालानंतर सांगितलेलं कारण म्हणजे नुसती सारवासारव.

म्हणून मागच्या आठवड्याच्या यादीबद्दल माझी भूमिका अशी. त्या मुलीला संघात घ्याच, असं मी म्हणणार नाही. मी निवड समितीत नाही आणि कबड्डी समितीला माझ्यापेक्षा जास्त कळते. कदाचित तिच्या जागी घेतलेली मुलगी उद्या आपली कॅम्पबेल निघेल, निघाली तर पहिला हार मी घालीन. पण यादीसोबत चार ओळी लिहा. चाचणीत कोणाला किती गुण मिळाले, संघाला चढाईपेक्षा पकडीचा खेळाडू का हवा होता, जे असेल ते. तसं लेखी पत्र मी आज जिल्हा संघटनेला दिलंय, पोच घेतली आहे. स्पर्धेला अजून बारा दिवस आहेत. उत्तर आलं तर जसंच्या तसं इथं टाकीन, नाही आलं तर तेही टाकीन.

संघ जिंकला तरी विचारणार आहे. या वेळी गप्प बसणार नाही.

उद्या सकाळी स्टँडवर जाणार आहे. टेम्पोवाल्याला चहा मी पाजणार.